कागद काय म्हणतो, आपण काय म्हणतो

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आपल्या मराठवाड्यात जुन्या घरातली पत्र्याची पेटी उघडली, की तळाशी हमखास एक कापडी पिशवी निघते. आत पिवळे पडलेले, घड्यांवर फाटलेले कागद. काही उर्दूत, काही मोडीत. सप्टेंबर 1948 पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो आणि कचेरीचा कारभार उर्दूत चालायचा. वाचणारी माणसं गेली, कागद मागे राहिले.

आता घरातली शिकलेली मुलं संगणकावर वंशावळ मांडू लागली आहेत. ‘ग्रॅम्प्स’सारखे प्रोग्राम फुकट मिळतात. नाव टाकलं, बापाचं नाव जोडलं, की झाड डोळ्यांसमोर उभं राहतं. मीही या नादाला लागलो आणि पहिल्याच वर्षी घरात मोठी फजिती करून घेतली.

एका नातेवाइकाकडे माझ्या पणजोबांच्या वारसाचा कागद होता. मी तो मोठ्यानं वाचला, भाचा वहीत उतरवून घेत होता. सन होतं 1340. मी मनात म्हटलं, हिजरी. हिशोब केला, 1921-22 आलं. संगणकात पणजोबांच्या मृत्यूचं वर्ष तेवढंच टाकलं. पुढे आजोबांच्या धाकट्या बहिणीचा निकाहनामा हाती आला. निकाह 1946 चा, वय अठरा. म्हणजे तिचा जन्म 1928 च्या सुमाराचा. आता संगणक सांगू लागला, की बाप मेल्यावर सहा वर्षांनी मुलगी जन्मली! घरातल्या म्हाताऱ्या बाया हे ऐकून काय म्हणाल्या, ते इथे सांगण्यासारखं नाही.

पुन्हा तो कागद बघायला गेलो. तोवर वाळवीनं आपलं काम केलं होतं. वाचवलं ते भाच्याच्या वहीनं. त्यानं मी उच्चारलेलं जसंच्या तसं लिहिलं होतं, ‘सन 1340 फ’. तो ‘फ’ मी वाचला होता, पण त्याच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. ‘फ’ म्हणजे फसली. निजामाच्या महसुली कागदांवर बहुधा हाच सन असतो. तो ऑक्टोबरात सुरू होतो. त्यात 590 मिळवले, की तो सुरू झाला ते इसवी वर्ष मिळतं. 1340 फसली म्हणजे ऑक्टोबर 1930 ते ऑक्टोबर 1931. आजूर, दै, बहमन असे महिने दिसले तरी सन फसलीच समजावा. माझ्या घाईनं पणजोबांना नऊ वर्षं आधीच मारलं होतं.

तेव्हापासून मी एक गोष्ट शिकलो. कागद काय म्हणतो ते वेगळं आणि आपण काय म्हणतो ते वेगळं. संगणकात या दोन्हींना वेगवेगळी जागा हवी.

पहिली जागा नकलेची. कागदात आहे तसं, आहे त्या लिपीत उतरवायचं. चुका सुधारायच्या नाहीत. फाटलं असेल तिथे ‘फाटलेले’, लागत नसेल तिथे ‘अस्पष्ट’ असं कंसात लिहायचं. दुसरी जागा देवनागरी लिप्यंतराची, तिसरी मराठी अर्थाची. चौथी जागा आपल्या अंदाजाची, म्हणजे ‘1340 फसली, म्हणून 1930-31’. अंदाज चुकला तर तेवढाच बदलायचा. वरचं कशालाही हात लावायचा नाही.

दुसरी चूक बहुतेक जण करतात. मजकूर माणसाच्या नावाखाली टाकतात. वारसाच्या एका कागदात मयत, त्याची बायको आणि तीन मुलगे अशी पाच माणसं असतात. पाचांच्या नावाखाली पाच नकला केल्या आणि उद्या एक अक्षर दुरुस्त करायचं झालं, तर एकीकडे होतं, चारीकडे राहून जातं. म्हणून कागदाला स्वतःचं खातं द्यावं. तो कुणाच्या घरी किंवा कोणत्या कचेरीत आहे, कोणतं बाड, कोणतं पान, त्याचा फोटो आणि त्याची नकल. मग पाचही माणसं त्या एका खात्याला जोडावीत. ग्रॅम्प्समध्ये अशी सोय आहे. ठेवण्याचं ठिकाण, साधन, त्यातला पानाचा दाखला आणि टिपण यांचे कप्पे वेगवेगळे आहेत. दाखला किती भरवशाचा, तेही नोंदवता येतं.

गावांचंही तसंच. जालना जिल्हा झाला 1 मे 1981 ला. त्याआधी अंबड, भोकरदन औरंगाबाद जिल्ह्यात होते, परतूर परभणीत. औरंगाबादचं नाव आता छत्रपती संभाजीनगर झालं आहे. कागदात जो जिल्हा असेल तोच नकलेत ठेवावा, आजचं नाव त्याच्या शेजारी लिहावं. नाहीतर मूळ दप्तर शोधणारा भलत्याच कचेरीत जाईल.

उर्दूत ‘ण’ नाही, ‘ळ’ नाही आणि ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत. ‘काळे’ तिथे ‘काले’ होतात. घाईनं लिहिणारा कारकून टिंबं गाळतो, मग ‘न’ कोणता आणि ‘ब’ कोणता हे ओळखणं अवघड.

हे मला 2023 मध्ये फार जाणवलं. अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीच्या आंदोलनानंतर शासनानं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि कुणबी नोंदींसाठी निजामकाळची दप्तरं उघडली. उर्दू वाचणारा म्हणून माझ्याही दारी माणसं आली. एक वयस्कर शेतकरी मुलाला घेऊन आले. कागदात ‘कौम’ या रकान्यातला शब्द शाईच्या डागाखाली गेला होता. मुलगा म्हणाला, “सर, कुणबीच असणार. तसं लिहून द्या ना.” असेलही. पण मला दिसत नव्हतं. मी लिहिलं, ‘पहिलं अक्षर क, पुढे अस्पष्ट’.

मुलाचा चेहरा उतरला. मलाही वाईट वाटलं. त्याच्या शिक्षणाचा, नोकरीचा प्रश्न होता. मी म्हटलं, “बाळा, मी खोटं लिहिलं आणि उद्या दुसऱ्यानं तपासलं, तर तुझा खरा कागदही कुणी खरा मानणार नाही.” आबा जरा वेळ गप्प बसले. मग मुलाला म्हणाले, “सर म्हणतात तेच ऱ्हाऊ दे. दुसरा कागद हुडकू.” त्या कागदाचा मी नीट फोटो काढून दिला. माझ्यापेक्षा चांगली नजर असलेला कुणी उद्या तो वाचेल. मी अंदाज ठोकून दिला असता, तर त्याची ती वाट मीच बंद केली असती.

एक शेवटची सूचना. संगणकातली वंशावळ एका प्रोग्राममधून दुसऱ्यात न्यायला ‘जेडकॉम’ नावाची फाइल वापरतात. नेताना कधी कधी टिपणं गळतात. म्हणून आधी दोन-चार नोंदी नेऊन बघा. आणि सगळ्या नकलांची छापील प्रत पेटीत, मूळ कागदांशेजारी ठेवा. कागदाला लॅमिनेशन मात्र करू नका, प्लास्टिक पुन्हा निघत नाही.

आमच्या घरात एकच नाव दर दुसऱ्या पिढीला फिरून येतं. माझंही तसंच आलेलं आहे. पन्नास वर्षांनी कुणी नातू माझा कागद वाचेल, तेव्हा त्यानं मला माझ्या आजोबांत मिसळू नये, एवढीच अपेक्षा. त्यासाठी त्यांचा कागद आज मी नीट उतरवायला हवा.