सायरन, गोळ्या आणि फायली
(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, दूरचित्रवाणी घरोघर पोहोचण्यापूर्वीच्या अमेरिकेत लोक गुन्हेकथा पाहत नसत, ऐकत असत. शिट्ट्या, सायरन आणि मशीनगनचा खडखडाट कानी पडला की समजायचं, ‘गँग बस्टर्स’ सुरू झालं!

या श्रुतिकेचं मूळ नाव होतं ‘जी-मेन’. जी-मेन म्हणजे सरकारची माणसं, केंद्रीय तपास अधिकारी. फिलिप्स लॉर्ड या निर्मात्याची ही मालिका २० जुलै १९३५ रोजी सुरू झाली. त्याच महिन्यात त्या तपास खात्याला ‘एफबीआय’ हे नाव मिळालं होतं. पहिला भाग होता जॉन डिलिंजर या दरोडेखोरावर. वर्षभरापूर्वीच तो शिकागोत गोळीबारात मारला गेला होता.

खात्याचे प्रमुख होते जे. एडगर हूव्हर. बोटांचे ठसे, प्रयोगशाळा आणि शिस्त यांचा महिमा लोकांना कळावा, असं त्यांना वाटे. लॉर्डना हवा होता थरार. दोघांचं फार काळ जमलं नाही. १९३६ पासून लॉर्डनी ‘गँग बस्टर्स’ या नावानं पोलिसांच्या कथा सांगितल्या, त्या १९५७ पर्यंत चालल्या. कार्यक्रमात फरारी गुन्हेगारांची वर्णनंही सांगत. श्रोता जणू तपासात सामील होई.

पुढे १९४५ मध्ये ‘धिस इज युवर एफबीआय’ आलं. त्याला मात्र हूव्हर यांचा आशीर्वाद होता आणि निर्माते जेरी डिव्हाइन यांना खात्याच्या फायली खुल्या होत्या. या नाटकांतला अधिकारी शांत, सभ्य आणि अचूक असे. गुन्हेगार अर्ध्या तासात सापडायचाच! ऐकणाऱ्याला वाटे, आपण निर्धास्त झोपावं, कुणीतरी जागं आहे.

पण जागं असलेलं ते कुणीतरी नेमकं काय करत होतं? ८ मार्च १९७१ च्या रात्री पेनसिल्व्हेनियातल्या मीडिया या गावी काही सामान्य नागरिकांनी एफबीआयचं कार्यालय फोडलं. नेलेल्या फायली त्यांनी वर्तमानपत्रांकडे पाठवल्या. खातं आपल्याच नागरिकांवर पाळत ठेवत होतं, हे त्यातून उघड झालं. १९७५ मध्ये सिनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीनं चौकशी केली. मार्टिन ल्यूथर किंग यांचाही खात्यानं कसा पिच्छा पुरवला होता, हे तेव्हा जगासमोर आलं.

आणि ती घरफोडी? खात्यानं पाच वर्षं कसून शोध घेतला, पण एकालाही पकडता आलं नाही. त्यांतल्या काहींनी २०१४ मध्ये स्वतःच आपली नावं सांगितली.

म्हणून त्या श्रुतिका खोट्या ठरतात का? नाही. डिलिंजर खरा होता, त्याची दहशतही खरी होती. पण फाईल ज्याच्या कपाटात, गोष्टही त्याच्याच मर्जीची. कोणती फाईल निर्मात्याला द्यायची आणि कोणती कुलपात ठेवायची, हे खातंच ठरवत होतं. तेव्हा श्रोतेहो, तपासाची सुरस कथा जरूर ऐकावी, पण ती सांगतंय कोण, हेही विचारावं.