पांघरूण नको, पाठराखण हवी

(मद्यपानाचे दुष्परिणाम आणि मित्राचे कर्तव्य या विषयावर एका वसंत व्याख्यानमालेत झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



दारूचा विषय निघाला की, मराठी माणसाला राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' आठवल्यावाचून राहत नाही. गडकरी जानेवारी १९१९मध्ये गेले आणि त्याच वर्षी हे नाटक रंगभूमीवर आले. शतक उलटून गेले, तरी ३१ डिसेंबरनंतरच्या वर्तमानपत्रांत 'तळीरामांवर कारवाई' असा मथळा असतोच.

या नाटकाकडे आपण एका बुद्धिमान वकिलाच्या अधःपाताची कथा म्हणून पाहतो. आज मी आपल्याला सुधाकराऐवजी त्याच्या भोवतालच्या माणसांकडे पाहण्याची विनंती करणार आहे. सनद गेल्याच्या अपमानाने पोळलेल्या सुधाकराच्या हाती पहिला प्याला देतो तळीराम. रामलाल पोटतिडकीने उपदेश करतो. सिंधू सोसत राहते आणि मृत्यूच्या दारातही पतीचा अपराध झाकते. आग्रह, उपदेश आणि पांघरूण! पिणाऱ्या माणसाशी वागण्याच्या आपल्याकडील या तीन रूढ रीती आहेत. तिघांपैकी दोघांचे सुधाकरावर निस्सीम प्रेम होते, तरीही तो वाचला नाही. मग आपल्या मित्राला वाचवायचे, तर कसे वागावे?

प्रथम या संकटाचे स्वरूप समजून घेऊ. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या 'एम्स'ने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशातील १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी लोक मद्यपान करतात. त्यांपैकी ५.७ कोटींहून अधिक लोकांना या व्यसनासाठी मदतीची गरज आहे. मला सर्वाधिक अस्वस्थ करणारा आकडा मात्र वेगळाच आहे. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकालाच काही उपचार मिळाल्याचे या पाहणीत आढळले. उरलेले ३७ कोठे आहेत? ते तुमच्या-आमच्या इमारतीत, कार्यालयात आणि नात्यागोत्यातच आहेत. 'आमच्या घराण्यात असे काही नाही' या वाक्याआड ते दडलेले आहेत.

शरीराची पडझड

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात मद्यासक्तीची गणना आजारांत होते. २०१९ या एकाच वर्षी जगभरात २६ लाख मृत्यू मद्यामुळे झाले, असा या संघटनेचा अंदाज आहे. दारूने यकृत बिघडते, एवढे सर्वांना ठाऊक असते. आधी यकृतात चरबी साठते, मग त्याला सूज येते आणि शेवटी ते घट्ट, व्रणमय होते. यालाच आपण 'सिऱ्होसिस' म्हणतो. कावीळ, जलोदर, रक्ताची उलटी ही त्यानंतरची लक्षणे होत. पहिल्या अवस्थेत बहुधा काहीच दुखत नाही आणि रुग्णाला वाटते, 'मला कुठे काय झाले आहे?' दिलासा एवढाच की, याच अवस्थेत दारू पूर्ण थांबवली, तर यकृतातील चरबी बहुतेकदा काही आठवड्यांत ओसरू लागते.

यकृताव्यतिरिक्त स्वादुपिंडाला सूज येते, रक्तदाब वाढतो, हृदयाचा स्नायू दुबळा होतो. 'ब-१' जीवनसत्त्वाच्या अभावाने तोल जातो, स्मृती कायमची ढासळू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच मद्याचा समावेश कर्करोगाच्या निश्चित कारणांत केला. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांमध्ये स्तन हे अवयव त्याच्या तडाख्यात येतात. 'मी तर केवळ बिअर घेतो' असे सांगणाऱ्यांनी साधे गणित करून पाहावे. आठ टक्के मद्यार्काच्या 'स्ट्राँग' बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या एका बाटलीत व्हिस्कीच्या दोन मोठ्या पेगांइतका मद्यार्क असतो.

'आजपासून थेंबही नाही'

आता एका गैरसमजाविषयी बोलतो, कारण तो प्राणावर बेततो. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्या माणसाला प्रेमाच्या माणसांनी शपथ घालावी, त्याने देवासमोर हात ठेवून 'आजपासून थेंबही नाही' असे म्हणावे आणि घरच्यांनी त्याला खोलीत कोंडून ठेवावे, असे प्रसंग आपण ऐकतो. हेतू पवित्र असतो. परंतु सवय झालेल्या शरीराची दारू एकाएकी तुटली, तर काही तासांत हातपाय थरथरू लागतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास होतात, ते बरळू लागतात, माणसे ओळखत नाहीत. ही अवस्था उपचारांवाचून प्राणघातक ठरू शकते. म्हणून रोज पिणाऱ्याची दारू वैद्यकीय देखरेखीखालीच सोडवायची असते.

दुसरा धोका 'न सांगता दारू सोडवा' अशा जाहिरातींचा. चहातून किंवा भाजीतून गुपचूप औषध देण्याचा मोह कुटुंबीयांना होतो. डायसल्फिराम नावाचे औषध पोटात असताना माणूस प्याला, तर भयंकर उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, प्रसंगी मृत्यूही ओढवतो. हे औषध रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यायचे असते.

मित्राने काय करावे?

आमचा पत्रकारितेचा व्यवसाय रात्रपाळीचा. या व्यवसायात मी एक अत्यंत गुणी सहकारी दारूपायी खचताना पाहिला. त्याचे मित्र प्रेमळ होते. तो आला नाही की, त्याची बातमी दुसरा लिहून देई. महिनाअखेरीस कोणी उसने पैसे देई. घरून दूरध्वनी आला की, 'वहिनी, तो बैठकीत आहे' असे ठरलेले उत्तर मिळे. या सर्व मदतीचा लाभ त्याला न होता त्याच्या दारूला होत होता. दारूची किंमत मित्रच चुकवत असल्यामुळे ती सोडण्याचे त्याला कारणच उरले नव्हते.

त्याला बाहेर काढले ते एका वयोवृद्ध मुद्रितशोधकाने. ते एका सकाळी, तो पूर्ण शुद्धीवर असताना त्याच्या घरी गेले. त्याला दारुडा म्हटले नाही, शपथ घातली नाही. "मंगळवारी तू जिन्यात पडलास. तुझी मुलगी दाराआडून पाहत होती. काल तुझे हात लेखणी धरताना कापत होते." पाहिलेले तेवढेच त्यांनी सांगितले. मग म्हणाले, "यापुढे तुझ्यासाठी मी खोटे बोलणार नाही आणि रोख पैसे देणार नाही. डॉक्टरांकडे मात्र तू म्हणशील त्या दिवशी तुझ्याबरोबर येईन." सहकारी संतापला, तीन आठवडे त्यांच्याशी बोलला नाही. चौथ्या आठवड्यात तो स्वतःच त्यांच्याकडे आला. उपचारांनंतर तो वर्षभराने पुन्हा एकदा घसरला. तेव्हाही ते त्याला घेऊन गेले.

बंधुभगिनींनो, चौथी रीत ती हीच. भर्तृहरीने नीतिशतकात सन्मित्राची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यांत मित्राचे गुह्य राखणे आहे, त्याला पापापासून परावृत्त करणे आहे आणि आपत्तीत त्याला न सोडणेही आहे. ही तिन्ही एकत्रच पाळायची आहेत. मित्राच्या व्यसनाची चारचौघांत चर्चा न करणे, हे झाले गुह्य राखणे. त्याच्या वरिष्ठांशी आणि पत्नीशी त्याच्यासाठी खोटे बोलणे हे मात्र त्यात बसत नाही. तसे करणे म्हणजे त्याला आजाराच्या हवाली करणे होय.

पुनःपतन हा या आजाराच्या वाटचालीत अनेकदा येणारा टप्पा आहे. मधुमेह्याची साखर पुन्हा वाढली, तर आपण त्याला निर्लज्ज म्हणत नाही. औषध बदलतो, पथ्य पुन्हा समजावतो. व्यसनी मित्राच्या वाट्यालाही एवढी सहनशीलता यावी. तो दारू सोडून परतला की, लग्नकार्यात त्याच्या हाती सरबताचा पेला देणारे आणि 'अरे, आज एक घे, काय होते?' म्हणणाऱ्याला तिथेच थांबवणारे चार मित्र हवेत. तळीराम आजही प्रत्येक मांडवात असतो.

सिंधूसाठी प्रेक्षकांच्या पिढ्या रडल्या. त्या काळी तिच्यापुढे दुसरी वाट नव्हती. आजच्या सिंधूपुढे आहे. १९३५ साली अमेरिकेत एक शल्यचिकित्सक आणि एक शेअरबाजारातील व्यावसायिक, दोघेही दारूने उद्ध्वस्त झालेले, एकमेकांच्या आधाराने सावरले आणि 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' ही चळवळ उभी राहिली. पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांसाठी १९५१मध्ये 'अल-ॲनॉन' सुरू झाले. दोन्हींच्या सभा आपल्याकडे होतात आणि तेथे नाव-गाव विचारले जात नाही. पुण्यात डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या साहाय्याने १९८६ साली सुरू केलेले 'मुक्तांगण' दोघांच्याही पश्चात अविरत चालू आहे. शासनाची व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ ही निःशुल्क मदतसेवा आहे. मित्र तयार नसेल, तर आधी आपण स्वतः तेथे विचारावे. आणि जेथे मारहाण होते, तेथे पत्नी व मुलांची सुरक्षितता हे पहिले कर्तव्य. मित्राची मर्जी त्यानंतर.

घरी गेल्यावर त्या ३७ जणांपैकी एक चेहरा आपल्या डोळ्यांसमोर येईल. कदाचित आत्ताही आला असेल. त्याला उद्या सकाळी, तो शुद्धीवर असताना भेटा. जे पाहिले आहे तेवढेच बोला, आणि डॉक्टरांकडे कोणत्या दिवशी जायचे, ते विचारा. तो चिडेल, दार लावून घेईल. आठ दिवसांनी पुन्हा जा.