हायब्रीड गाडी आणि आईचा सल्ला

(वार्षिक स्नेहसंमेलनातील छोटेखानी भाषण)



निवृत्तीच्या पैशातून मी हायब्रीड गाडी घेतली. कारण एकच, इंदापूरला थकलेली आई आणि दर आठवड्याची खेप. बारामतीत फिरताना ॲव्हरेज छान पडायचं. सणसर, निमगाव केतकीमार्गे इंदापूरला निघालो की घसरायचं. वाटलं, फसलो!

मग उलगडा झाला. गावात ब्रेक मारताना वाया जाणारी ताकद मोटर बॅटरीत साठवते आणि कमी वेगात गाडी इंजिन बंद ठेवून त्यावरच चालते. मोकळ्या रस्त्यावर ब्रेकच कमी, म्हणून भार इंजिनवर. शिवाय हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० चे १०० केले, की तो दीडपटीहून जास्त! पेट्रोल जातं ते तिथं.

आता मी ८० च्या वर जात नाही, निघण्याआधी टायरची हवा तपासतो, टपावरचं रिकामं कॅरियर काढून ठेवलंय. सुमारे ५० किलोमीटरच्या वाटेत दहा मिनिटंही जास्त लागत नाहीत, आणि ॲव्हरेज सुधारलंय.

आई दारातून नेहमी सांगते, "सावकाश जा रे बाबा." तिचं ऐकायला मला हायब्रीड घ्यावी लागली!