शखेममधले तीन दिवस

कुराणात पैगंबर म्हणून येणारे दाऊद आणि सुलेमान हेच बायबलमधले दावीद आणि शलमोन. सुलेमानानंतर त्यांच्या राज्याचे काय झाले, ती हकिकत बायबलच्या जुन्या करारात आहे.

शलमोनाने यरुशलेमला मंदिर बांधले, राजवाडा उभारला. भार प्रजेवर पडला. देशाचे बारा विभाग होते. वर्षातला एकेक महिना एकेका विभागाने राजवाड्याचा शिधा पुरवायचा. शिवाय वेठ होतीच.

इसवी सनापूर्वी ९३० च्या सुमारास शलमोन वारला. मुलगा रहबाम राज्याभिषेकासाठी उत्तरेकडच्या शखेमला गेला. तिथे जमलेल्या लोकांनी विनवले, की वडिलांनी लादलेले जू जरा हलके करा, आम्ही तुमची चाकरी करू. त्यांच्यात यराबाम होता. तो पूर्वी वेठीच्याच कामावरचा मुकादम. शलमोनाच्या भीतीने मिसरला पळालेला.

रहबामाने तीन दिवस मागून घेतले. वडिलांच्या वेळचे म्हातारे सल्लागार म्हणाले, आज प्रजेशी गोड बोला, ती कायमची तुमची होईल. बरोबरीचे मित्र म्हणाले, दरारा दाखवा. राजाला मित्रांचे पटले. जू आणखी जड करीन, असे त्याने सुनावले. वर समजूत घालायला पाठवले कोणाला, तर वेठीवरचा अधिकारी अदोराम याला! लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारले. राजाने रथातून यरुशलेम गाठले.

दहा टोळ्या यराबामाकडे गेल्या, ते इस्राएल. दक्षिणेला रहबामाचे यहूदा उरले. लोक यरुशलेमच्या मंदिरात जात राहिले तर त्यांचे मनही तिकडे वळेल, ही यराबामाला धास्ती. म्हणून त्याने बेथेल आणि दान इथे सोन्याची वासरे बसवली. राज्यापाठोपाठ देवळाचीही वाटणी झाली.

रहबामाच्या पाचव्या वर्षी मिसरचा शिशक यरुशलेमचा खजिना घेऊन गेला. बहुतेक अभ्यासक ज्याला शिशक मानतात, त्या शोशेंक राजाने कर्नाकच्या भिंतीवर कोरलेल्या यादीत उत्तरेतलीही गावे आहेत. पुढे इस्राएल इ.स.पू. ७२२ च्या सुमारास असुरियाने बुडवले, यहूदा ५८६ च्या सुमारास बाबिलोनने.

शलमोनाचे राज्य खरोखर केवढे होते, यावर पुरातत्त्वज्ञांत वाद आहे. मात्र हकिकत लिहिणाऱ्यांनी आपल्याच राजघराण्याची चूक झाकली नाही, याचे मला अप्रूप वाटते. ही फाळणी देवाच्या इच्छेने झाली असे ते सांगतात, पण वेठ, मुकादम आणि राजाचे उर्मट उत्तर यांतले काही गाळत नाहीत. शखेमला आलेली माणसे वेगळे राज्य मागायला आली नव्हती. त्यांना खांद्यावरचे ओझे थोडे उतरवून हवे होते.