हलव्याचा कांटा

संक्रांतीच्या दिवशीं एकमेकांच्या हातावर जो तिळाचा हलवा ठेवला जातो, तो तोंडांत टाकणारे पुष्कळ. पण त्यांतला एक दाणा डोळ्यांसमोर धरून नीट पाहणारे थोडे. पाहिला, तर त्याच्या सर्व अंगावर बारीक बारीक कांटे उभे असलेले दिसतात. हा कांटा कोठून आला, तो कोणीं आणला आणि त्याला किती वेळ लागला, हें समजून घेतलें, म्हणजे हातानें केलेल्या भेटीची किंमत कशांत असते या प्रश्नाचें उत्तर बरेंचसें हातीं लागतें. हलवा दुकानांत वजनावर मिळतो. तेव्हां एवढ्याशा पदार्थाविषयीं एक संबंध भाषण कशाला, असें एखाद्या श्रोत्यास वाटेल. परंतु घरगुती वस्तूंच्या मागें पुष्कळदां बराच मोठा व्यवहार दडलेला असतो, आणि तो वस्तूच्या किंमतीवरून ओळखतां येत नाहीं.

या विचारास भिवंडी शहर विशेष सोईचें आहे. ठाणें जिल्ह्यांत कामवारी नदीच्या कांठीं वसलेलें हें शहर यंत्रमागांचें म्हणून सर्व देशांत ठाऊक आहे. १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तर हिंदुस्थानांतून आलेल्या मोमीन विणकरांनीं येथें आपले हातमाग मांडले. विसाव्या शतकांत त्यांची जागा यंत्रमागांनीं घेतली, आणि गल्लोगल्लीं खटखट सुरू झाली. अलीकडे शहराच्या भोंवतीं प्रचंड गोदामें उभीं राहिलीं आहेत. लोक घरबसल्या ज्या वस्तु मागवितात, त्यांतल्या कितीतरी तेथूनच निघतात. सणासुदीच्या सुमारास रंगीत कागदांत गुंडाळलेल्या तयार भेटी खोकींच्या खोकीं भरून या गोदामांतून बाहेर पडतात. देणारा त्या वस्तूस स्पर्शहि करीत नाहीं. पत्ता लिहिला, पैसे भरले, कीं भेट पोहोंचली! आणि त्याच शहराच्या जुन्या आळ्यांत, पौषाच्या थंडींत, अजूनहि एखाद्या घरीं पहाटेस शेगडीवर परात चढते. गोदामांतून निघालेली भेट आणि परातींतून निघालेली भेट, या दोहोंत अंतर कोणतें, एवढाच येथें प्रश्न आहे.

हलवा करण्याची रीत सांगावयास सोपी आणि करावयास कठीण. स्वच्छ निवडलेले पांढरे तीळ प्रथम कोरडेच किंचित् भाजून घेतात. साखरेंत तिच्या निम्मे पाणी घालून पाक चढवितात. त्याला उकळी आली म्हणजे चमचाभर दूध सोडतात, त्याबरोबर साखरेंतील मळी फेंसावाटे वर येते व ती काढून टाकतां येते. पाक एकतारी झाला कीं तो फडक्यांतून गाळून बाजूस ठेवतात. मग अगदीं मंद निखाऱ्यावर परात मांडून तींत तीळ पसरतात, चमच्यानें थोडासा पाक त्यांवर शिंपडतात, आणि बोटांच्या अग्रांनीं ते हलवीत राहतात. पाक सुकला कीं पुन्हां चमचा, पुन्हां हलविणें. पहिल्या दिवशीं तिळावर नुसतीं पांढरीं पुटें चढतात. कांट्याचें नांव नसतें. नवशिक्या मुली येथेंच धीर सोडतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं दाणा फुगतो, आणि त्याच्या अंगावर बारीक टोंकें दिसूं लागतात. निखारा जास्त झाला तर साखर पिवळी पडते. पाक एकदम जास्त पडला तर दाणे एकमेकांस चिकटून त्यांचे गोळे होतात. हात जोरानें फिरला तर आलेला कांटा मोडतो. बोटें पोळतात तीं निराळींच. म्हणून शेजारीं ओलें फडकें ठेवावें लागतें. तिळाप्रमाणें खसखस, साबुदाणा, चारोळी, लवंग, शेंगदाणा यांवरहि हलवा चढवितात. लवंगेचा हलवा दिसावयास डौलदार. खसखशीचा मात्र खरी परीक्षा पाहणारा, कारण एवढ्याशा कणाला दाण्याचा आकार येईपर्यंत बसणाराची मान मोडून येते.

कांटा येतो तो साखरेच्या स्फटिकरूप होण्याच्या गुणामुळें. पाकाचा थेंब दाण्याच्या उंचवट्यास प्रथम लागतो, त्यांतलें पाणी उडून जातें, आणि राहिलेली साखर तेथेंच घट्ट बसते. पुढचा थेंबहि त्याच उंचवट्यास लागतो. असें होतां होतां उंचवट्याचा कांटा बनतो. पाणी झटकन उडून जावयाचें, तर हवा कोरडी पाहिजे. पावसाळ्यांत हात कितीहि कसलेला असला तरी दाणा ओशाळून गुळगुळीतच राहतो. भिवंडी तर खाडीच्या बाजूची. दुपारीं समुद्राकडचा वारा सुटला कीं हवेंत दमटपणा येतो. म्हणून परातीपुढें बसावयाचें तें पहाटे, अंगावर धाबळी घेऊन. हा पदार्थ संक्रांतीलाच कां, याचें उत्तर पंचांगांत जितकें आहे तितकेंच हवेंतहि आहे. तिळाचेंहि तसेंच. तिळाच्या वजनाचा सुमारें निम्मा भाग तेल असतें, आणि थंडीनें कोरड्या पडलेल्या शरीरास ही स्निग्धता हवीच असते. 'तेल' हा शब्द मुळीं 'तिल' यापासून 'तैल' असा होऊन आपल्या भाषेंत आला, हें शाळेंतल्या मुलांनाहि सांगण्यासारखें आहे.

कांटेरी साखरेचें कौतुक केवळ महाराष्ट्रांतच आहे असें नाहीं. जपानांत 'कोंपेइतो' नांवाची गोळी मिळते. तिच्या अंगावरहि असेच कांटे असतात. तिचें नांव मिठाई या अर्थाच्या 'कोन्फेइतो' या पोर्तुगीज शब्दावरून पडलें. लुईश फ्रोइश नांवाचा एक जेझुइट पाद्री कांहीं वर्षें गोव्यास राहून पुढें जपानांत गेला. त्यानें १५६९ सालीं ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदारास ही मिठाई काचेच्या बरणींत घालून नजर केली. जपानांत जुन्या पद्धतीनें काम करणारे कारागीर आजहि एका घाण्यास दोन-दोन आठवडे खर्च करितात. फ्रोइशच्या नजराण्यामागें धर्मप्रसारास अनुज्ञा मिळावी हा हेतु होता. तशा भेटी जगांत नेहमींच चालत आल्या आहेत, आणि त्यांत कांहीं पाप नाहीं. मात्र त्यांचा हिशेब देणाराच्याहि मनांत असतो व घेणाराच्याहि. संक्रांतीच्या हलव्याची जात वेगळी.

ती वेगळी कशी, हें हलव्याच्या दागिन्यांवरून स्पष्ट होतें. लग्नानंतरची पहिली संक्रांत आली म्हणजे सुनेस काळी चंद्रकळा नेसवून तिच्या अंगावर हलव्याचे दागिने घालतात. मंगळसूत्र, बिंदी, नथ, बाजूबंद, बांगड्या, कंबरपट्टा, सर्व कांहीं पांढऱ्याशुभ्र दाण्यांचें. काळ्या वस्त्रावर तें किती खुलून दिसतें, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस सांगावयास नको. जांवयासहि हार, अंगठी, नारळ मिळतो. हे दाणे सुईनें टोंचतां येत नाहींत, कारण टोंचतांच ते फुटतात. एक एक दाणा दोऱ्याच्या फांसांत धरून गांठ आंवळावी लागते. गांठ सैल राहिली तर दाणा गळतो, जास्त आंवळली तर कांटा जातो. असे शेंकडों दाणे. आणि हें काम सासूनें, नणंदेनें, जावेनें सुनेसाठीं करावयाचें असतें, ही यांतली खरी लक्षांत घेण्यासारखी गोष्ट! वर्षाचे बाकीचे दिवस सुनेनें सासरच्या माणसांसाठीं राबावें अशी आपल्या घरांची रीत होती. पुष्कळ ठिकाणीं ती अजून गेलेली नाहीं. या एका सणापुरती ती रीत उलटी होते. सासूचीं बोटें सुनेसाठीं पोळतात, आणि सुनेस तें दिसतें. सोन्याची पाटली देऊनहि हें साधत नाहीं, कारण पाटली सोनारानें घडविलेली असते व तिचे पैसे घरच्या कर्त्या पुरुषानें मोजलेले असतात.

येथें एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. 'घरचें तें घरचें' हें म्हणावयास पुरुषांचें काय जातें? पहाटे उठणारी बाई, पोळणारीं बोटें बाईचीं. ज्या स्त्रिया सकाळची गाडी पकडून ठाण्या-मुंबईस कामास जातात, त्यांना चार दिवस परातीपुढें बसा असें सांगणें हा दुष्टपणा होय. बाजारांतून हलवा व दागिने आणणाऱ्या सुनेस नांवें ठेवण्याचा अधिकार तर कोणासच नाहीं. शिवाय ते दागिने बहुधा दुसऱ्या कोणा गरजू स्त्रीनेंच आपल्या घरीं बसून ओंवलेले असतात, आणि त्यावर तिचा संसार चालतो. फिरत्या पिंपांतून निघणारा कारखान्याचा हलवाहि खावयास कांहीं वाईट नसतो. परंतु या आक्षेपाचें उत्तर परात माळ्यावर टाकून देणें हें नव्हे. ज्याला भेट द्यावयाची आहे त्यानें आपला वेळ द्यावा, एवढेंच तें उत्तर. मग तो पुरुष कां असेना. भिवंडीच्या हातमागांच्या काळीं मागावर पुरुष बसे, आणि सूत उकलणें, कांड्या भरणें हें काम घरांतल्या बायका-मुलें करीत. एका कापडास सर्व घराचे हात लागत. हलव्यास तसे लागावयास काय हरकत आहे? पाक शिंपडावयास आणि बोटें फिरवावयास मिशांचा अडथळा होत नाहीं. ज्या घरीं आजोबा नातवाच्या बोरन्हाणासाठीं परातीपुढें बसतात, त्या घरचा हलवा थोडा ओबडधोबड होईल. पण त्या नातवाला तो आयुष्यभर आठवेल.

'हलवा' हा शब्द अरबी आहे. 'गोड' या अर्थाच्या धातूपासून तो निघाला. त्या भाषेंतून फारसींत व फारसींतून मराठींत येतांना त्यानें पुष्कळ रूपें घेतलीं. भिवंडींत तर एकाच शहरांत त्याचे दोन अर्थ नांदतात. हिंदु घरांत हलवा म्हणजे संक्रांतीचा कांटेरी दाणा; मुसलमान घरांत शबे-बरातीस रव्याचा वा हरभऱ्याच्या डाळीचा करून वांटतात तो. ईदेच्या दिवशीं शीरखुर्म्याचा कटोरा शेजारीं जावयाचा, दिवाळीस फराळाचें ताट उलट यावयाचें, आणि ताट कधीं रिकामें परत करावयाचें नाहीं, ही शेजारधर्माची रीत दोन्ही समाजांस सारखीच ठाऊक आहे. याच शहरानें मे १९७० मध्यें आणि पुन्हां मे १९८४ मध्यें भीषण दंगे पाहिले. त्या दिवसांत ताटें थांबलीं. पुढें १९८८ पासून सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्यानें मोहल्ला समित्या उभारल्या, दोन्ही समाजांच्या लोकांस एके ठिकाणीं बसविलें, आणि १९९२ च्या डिसेंबरांत व १९९३ च्या जानेवारींत शेजारची मुंबई जळत असतांना भिवंडी शांत राहिली. ही शांतता तिळगुळानें राखली, असें म्हणणें भाबडेपणाचें होईल. ती राखली जागरूक माणसांनीं व त्यांच्या नियमित बैठकींनीं. पण समितींत बोलावयास बसलेला माणूस शेजाऱ्यास नांवानें ओळखत असावा लागतो, आणि ही ओळख ताटाच्या येण्याजाण्यानें होत असते. गोदामांतून आलेल्या खोक्यावर शेजाऱ्याचें नांव असतें. त्याच्या घरचा वास नसतो.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे समारंभ चालतात व त्यांत वाण लुटतात. पूर्वीं सुगडांतून ऊस, बोरें, हरभरे, गाजर, गव्हाच्या ओंब्या जात. त्या ऋतूनें पिकविलेलें तें दान होतें. आतां बहुतेक ठिकाणीं प्लॅस्टिकच्या डब्या आल्या आहेत. एकीनें दिलेली डबी दुसरीस आणि दुसरीनें दिलेली तिसरीस, अशी फिरत फिरत ती कधीं कधीं पहिलीच्याच घरीं परत येते! या समारंभांतून विधवेस वगळण्याची निष्ठुर चाल कित्येक ठिकाणीं बंद पडली, ही समाधानाची गोष्ट आहे. तिळगुळास मात्र असें कुंपण कधींच नव्हतें. तो विधवेस मिळे, पोस्टमनास मिळे, वर्षभर ज्याच्याशीं अबोला धरला त्यालाहि द्यावा लागे. आणि तो हातावर ठेवतांना दोन शब्द बोलल्यावांचून गत्यंतर नसे.

बोरन्हाणाच्या दिवशीं लहान मुलास काळें झबलें घालून पाटावर बसवितात. डोक्यावर हलव्याचा मुकुट, हातांत हलव्याचीच बांसरी. बोरें, चुरमुरे, उसाचे करवे आणि हलवा त्याच्या डोक्यावरून ओततात, आणि भोंवतीं जमलेलीं आळींतलीं सर्व पोरें तीं लुटावयास तुटून पडतात. समारंभ संपला कीं दागिन्यांची पाळी येते. सोन्याचे दागिने पेटींत जातात. हे दोरा तोडून मोकळे करितात. चार दिवस खपून घडविलेला मुकुट घटकाभरांत पोरांच्या तोंडांत जातो. मुकुट करणारी आजी तेथेंच बसलेली असते, आणि बांसरीचा तुकडा कोणाला मिळाला नाहीं याची चौकशी करीत असते.