मृत्यूच्या दरींतून हिमशिखराकडे

अमेरिका म्हटली, कीं गगनचुंबी इमारती आपल्या डोळ्यांपुढें उभ्या राहतात. पण आज मी आपणांस त्या देशाच्या पश्चिमेकडील अशा मुलखांत नेणार आहें, कीं जेथें सारें ऐश्वर्य हंडाभर पाण्यापुढें फिकें पडतें.

कॅलिफोर्नियांत 'डेथ व्हॅली', म्हणजे मृत्यूची दरी, आहे. तेथील बॅडवॉटर हें मिठाचें मैदान समुद्रसपाटीच्या २८२ फूट खालीं आहे. उत्तर अमेरिकेंत याहून सखल जागा नाहीं. जुलै १९१३ मध्यें या दरींत १३४ अंश फॅरनहाइट उष्णतामान नोंदलें गेलें. त्या आंकड्याविषयीं शास्त्रज्ञांत वाद आहे. तरी जगांतील उच्चांक म्हणून अद्याप तोच मानला जातो. आणि नवल असें, कीं येथून शंभर मैलांच्या आंत १४,५०५ फूट उंचीचें माउंट व्हिटनी हें हिमशिखर उभें आहे!

एप्रिल महिन्यांत आम्ही उभयतां मोटारीनें या वाटेला निघालों. पत्नीनें पाण्याचे तीन मोठे डबे मोटारींत ठेवले. मीं हंसून म्हटलें, "अग, आपण अमेरिकेंत आहों, दुष्काळी मुलखांत नव्हे." "अहो, तहानेला देश कळत नाहीं," एवढेंच ती म्हणाली.

दरींतून पश्चिमेस जातांना टाउन पास ही सुमारें पांच हजार फुटांची खिंड चढावी लागते. चढावर मोटारींतील वातानुकूलन बंद ठेवावें, अशी पाटी रस्त्याच्या कडेला आहे. ही सूचना जुन्या गाड्यांसाठीं असावी, असें मीं परस्पर ठरविलें! अर्ध्या चढावर कांटा तांबड्या रेघेवर गेला आणि पुढून वाफ येऊं लागली. दूरध्वनि निरुपयोगी, सावली कोठेंच नाहीं. यंत्र निवेपर्यंत तासभर आम्ही उन्हांत उभे होतों. मग एक डबा मोटारीला पाजला, दुसरा आम्हीं संपविला. पत्नीनें मला एका शब्दानेंही टोंचलें नाहीं, आणि तेंच मला अधिक लागलें.

खिंडीपलीकडे ओवेन्स खोरें लागतें. डोंगरावर बर्फ चमकत होता, पण पायथ्याचें ओवेन्स सरोवर बहुतेक कोरडें! विल्यम मुलहोलंड या एंजिनियरानें १९१३ सालीं २३३ मैलांचा कालवा पुरा करून या खोऱ्याचें पाणी लॉस एंजलीस शहरास नेलें. पंपावांचून, केवळ उतारावर, तें तेथवर वाहत जातें. विद्येचा हा पराक्रमच. पण सरोवर आटलें, तळाची धूळ उडूं लागली, आणि २००१ पासून ती दाबण्यासाठीं त्याच शहराला तळावर पाणी सोडावें लागत आहे.

याच खोऱ्यांत मॅन्झनार आहे. या स्पॅनिश नांवाचा अर्थ सफरचंदांची बाग. पाण्याचे हक्क शहराकडे गेल्यावर बागा उजाड झाल्या, आणि १९४२ सालीं त्याच जागीं तारेच्या कुंपणांत दहा हजारांवर जपानी वंशाचीं माणसें कोंडण्यांत आलीं. त्यांतील बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक होते. त्या बंदिवानांनीं धुळींत दगड रचून लहान लहान तळीं आणि बागा केल्या. १९८८ सालीं सरकारनें या अन्यायाबद्दल क्षमा मागितली. वाळूखालीं गाडलीं गेलेलीं त्यांतील कांहीं तळीं आतां पुन्हां उकरून काढलीं आहेत.

अशाच एका कोरड्या तळ्याच्या कांठीं आम्ही कांहीं न बोलतां बसलों. समोर हिमशिखरें होतीं. पत्नीनें तिसरा डबा उघडून मला आधीं पाणी दिलें. "पाटी वाचली होती मीं," मीं हळूच कबूल केलें. "ठाऊक आहे मला," ती म्हणाली, "मीही वाचली होती."

श्रोतेहो, हजारों मैलांच्या त्या प्रवासांत पुष्कळ भव्य देखावे पाहिले. पण त्या घोटाची चव अद्याप जिभेवर आहे.