मातीच्या खात्यातील कर्ब

(मंडळाच्या कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाने मला पर्यावरणावर बोलावयास सांगितले. मी कला शाखेचा पदवीधर आणि नोकरी बँकेतल्या कारकुनाची. प्रयोगशाळेशी माझा संबंध नाही, पण जमा आणि नावे या दोन बाजू मला रोज पाहाव्या लागतात. म्हणून आज एकाच पदार्थाचा जमाखर्च आपल्यापुढे मांडतो. त्याचे नाव कर्ब. इंग्रजी शाळेतली मुले त्याला कार्बन म्हणतात.

चुलीतला कोळसा, कंदिलाची काजळी, पेन्सिलीतले शिसे हा सारा कर्बच. पण तो एवढाच नाही. भाकरीत, कडब्यात, शेळीच्या दुधात आणि आपल्या रक्तमांसातही तो आहे. वाळलेल्या शंभर किलो कडब्यात चाळीस किलोच्या वर कर्ब असतो. आता प्रश्न असा की ज्वारीच्या ताटाने एवढा कर्ब आणला कोठून?

आपण सहज म्हणू, मातीतून. सतराव्या शतकात आजच्या बेल्जियमच्या मुलखात व्हॅन हेल्माँट नावाच्या गृहस्थांनी हे तपासून पाहिले. त्यांनी कुंडीत सुमारे ९० किलो कोरडी माती तोलून घातली, विलोचे रोपटे लावले आणि पाच वर्षे नुसते पाणी दिले. झाड ७५ किलोच्या वर गेले. माती पुन्हा वाळवून तोलली तर ती जेमतेम ६० ग्रॅमने कमी भरली होती. त्यांना वाटले, सगळे वजन पाण्यातून आले. खरे उत्तर पुढच्या शास्त्रज्ञांनी दिले. पाण्याचा वाटा आहेच, पण झाडातला कर्ब येतो हवेतून. हवेच्या दहा हजार भागांत कार्बन डायऑक्साइडचे चारच भाग असतात. हिरवे पान सूर्यप्रकाशाच्या बळावर तेवढ्यातून कर्ब वेचते आणि त्याची साखर बनवते. पुढे तिचेच पिठूळ दाणे होतात, तिचेच धाट होते.

म्हणजे हवेतून शेतात ही झाली पहिली जमा. आणि ती फुकट आहे. तिला सातबारा लागत नाही, जामीनदार लागत नाही.

आता पुढची नोंद पाहू. ज्वारी आपण खातो आणि श्वासावाटे तिचा बराच कर्ब हवेला परत देतो. कडबा बैल खातो. बाभळीचा पाला आपली उस्मानाबादी शेळी खाते. ही शेळी भूमिहीनाच्या घरचे खरे भांडवल. तिच्या पोटातले जिवाणू पाला कुजवतात तेव्हा काही कर्ब मिथेन वायू होऊन ढेकरेबरोबर जातो, काही तिच्या अंगी लागतो, काही दुधात उतरतो, आणि उरलेला लेंडीतून जमिनीवर येतो. धनगर बांधवांना बोलावून रानात मेंढ्या बसवण्याची आपल्याकडची रीत आहे. ती रीत म्हणजे माळावरचा कर्ब रानात आणण्याची युक्तीच होय.

लेंडी, शेण, पालापाचोळा मातीत गेला की गांडुळे आणि डोळ्यांना न दिसणारे जिवाणू त्यावर तुटून पडतात. तेही जीवच, तेही श्वास घेतात. म्हणून टाकलेल्या कर्बातला बहुतेक वर्षभरात हवेत परत जातो. थोडासा मात्र मातीच्या कणांना चिकटून मागे राहतो. त्यालाच सेंद्रिय कर्ब म्हणतात. तो असला की माती रवाळ राहते, पाणी धरते, पिकाचे अन्न धरून ठेवते. पावसाचा खंड पडला तर ज्या रानात तो आहे तिथले सोयाबीन चार दिवस जास्त तग धरते. जगभरच्या मातीत मिळून जेवढा सेंद्रिय कर्ब आहे, तेवढा सगळी हवा आणि सगळी झाडेझुडपे एकत्र केली तरी भरत नाही.

येथे एक समज दूर करतो. मांजरा आणि तेरणेच्या काठची आपली जमीन काळीभोर, म्हणून ती कर्बाने भरलेली असेल असे वाटते. तसे नाही. तो काळा रंग मुख्यतः तिच्या चिकणमातीचा आणि खडकातून आलेल्या खनिजांचा आहे. उष्ण, कोरड्या हवेत कर्ब लवकर जळून जातो. २०१५ साली मृद आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली. त्या पत्रिकेत सेंद्रिय कर्बाचा रकाना असतो. शेकडा अर्ध्याच्या खाली आकडा असेल तर कमी, पाऊण टक्क्याच्या वर असेल तर भरपूर, असे सर्वसाधारणपणे धरतात. पीककर्जाच्या कागदांत सातबारा येतो, आठ-अ येतो, पण हा कागद सहसा कोणी जोडत नाही. जमीन किती आहे ते आपण सांगतो, तिच्यात काय उरले आहे ते सांगत नाही.

शेतातून कर्ब बाहेर जाण्यात नवे काही नाही. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात तगर नगरातून पुष्कळ कापड गाड्यांत घालून भडोचच्या बंदराकडे जाई, असा उल्लेख आहे. ते तगर म्हणजे आपले तेर. कापसाचे सूत म्हणजे कर्बच, तो समुद्रापार जात होता. माल विकावा, त्यात तोटा नाही, कारण तो कर्ब हवेतून पुन्हा फुकट मिळतो. तोटा होतो तो मागे उरलेले पाचट, काड, शेण मातीला परत मिळत नाही तेव्हा. उसाचे पाचट एका काडीने पेटवले की वर्षभराची जमा तासाभरात धूर होऊन जाते.

शेजारी परळीच्या वीज केंद्रात दगडी कोळसा जळतो. तो पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीच्या जंगलांचा कर्ब, म्हणजे निसर्गाची मुदत ठेव. पाचटाचा धूर गेल्या वर्षीच्या हवेतून घेतलेला असतो, कोळशाचा मात्र हवेत नवी भर घालतो. गिरण्या-कारखान्यांचे युग सुरू होण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत हा वायू २८० भाग होता. आज तो ४२० च्या वर गेला आहे. त्याने उष्णता अडकते आणि पावसाचे वेळापत्रक बिघडते. मोठ्यांनी मोडलेल्या ठेवीची झळ कोरडवाहू शेतकऱ्याला लागते.

बंधूंनो, हा विषय आपल्या व्यासपीठावर का, ते आता सांगतो. १९५९ आणि १९६४ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, माणसे तुरुंगात गेली. पुढे १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरील गरिबांची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. आपल्या पुष्कळ घरांना जमीन मिळाली ती अशी. ती काळी नव्हे, माळाची मुरमाड. वर्षानुवर्षे चरून उघडी पडलेली. अनेकांचे कागद अजूनही पुरे झालेले नाहीत. कागदाची लढाई लढलीच पाहिजे. पण कागद हाती आला आणि माती मेलेली राहिली, तर मुले पुन्हा ऊसतोडीलाच जातील.

बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. नुसत्या एकरांवर शेती फायद्याची की तोट्याची हे ठरत नाही, तिला भांडवल आणि साधने किती मिळतात यावर ठरते, असा त्यातला विचार आहे. मला वाटते, सेंद्रिय कर्ब हे असे एक भांडवल आहे, जे गरीब माणूस स्वतःच्या हाताने जमवू शकतो.

हिशेब मात्र खरा सांगितला पाहिजे. एका एकराची वरची सहा इंच माती आठ-नऊ लाख किलो भरते. तिच्यात कर्बाचा आकडा ०.१ ने वाढवायचा तर आठ-नऊशे किलो कर्ब टिकून राहिला पाहिजे. एक टन कोरडे पाचट कुजवले तर वर्षाअखेर त्यातला पन्नासएक किलो टिकला तरी पुष्कळ. म्हणजे ही आवर्ती ठेव आहे. दर वर्षी भरली तर पाच-सात वर्षांत दिसते, मध्येच मोडली तर काही हाती लागत नाही.

करावयाचे ते आपल्या आवाक्यातले आहे. पाचट पेटवू नये. दर टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो कुजवणारे जिवाणू टाकून ते सरीत कुजवावे. युरिया अशासाठी की कोरडे काड कुजवताना जिवाणू मातीतले नत्र ओढून घेतात आणि पीक पिवळे पडते. पुसदच्या नारायणराव पांढरीपांडे यांनी भोकांच्या विटांच्या टाकीत थोड्या शेणात पुष्कळ खत करण्याची रीत शोधली. नाडेप म्हणतात ती हीच. तीन-चार घरांनी मिळून एक टाकी बांधता येते. माती तपासून घ्यावी, तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात सल्ला विचारावा.

आणि गोवऱ्या थापणाऱ्या आयाबहिणींना कोणी बोल लावू नये. सिलिंडर भरायला पैसे नसतात तेव्हा शेण चुलीत जाणारच. ज्यांच्या दारात चार जनावरे आहेत त्यांनी गोबर गॅस बसवावा. चूलही पेटते आणि मागची स्लरी रानाला मिळते. मंडळाने दर वर्षी दोन घरांना त्यासाठी मदत करावी, अशी माझी सूचना आहे. वर्गणीची पहिली पावती माझ्या नावाने फाडावी.